मेटॉरसच्या लढाईवरचं माझं टिपण

सर, तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, आणि आज वर्गात मेटॉरस नदीची लढाई शिकवताना मला पुन्हा तुमचा राग आला. मी आता इकडे एदोगावा भागातल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवते. दक्षिणेत शत्रूसमोर तळ ठोकलेला रोमन सेनापती उत्तरेतून येणारी शत्रूची कुमक अडवायला निवडक सात हजार माणसं घेऊन गुपचूप निघाला. तळ भरलेला वाटावा म्हणून बाकीचे तिथेच राहिले. उत्तरेतल्या रोमन सैन्याला तो मिळाला, तेव्हा एकही नवा तंबू न ठोकता आलेली माणसं जुन्याच तंबूंत दाटीवाटीने घेतली. ही लढाई मी पहिल्यांदा पाहिली ती पुण्यात, तुमच्या स्वयंपाकघरात. तुम्ही ओट्यावर चिंचोके मांडताय, गॅसवर चहा उतू जातोय, मी उठतेय आणि तुम्ही म्हणताय, "चहा राहू दे, तंबू मोज."

त्याच वर्षी मी तुम्हाला पंधरा पानांचं टिपण दिलं. माझं म्हणणं होतं, की त्या सेनापतीने आधी फसवलं ते शत्रूला नव्हे, स्वतःच्या माणसांना. जवळचंच एक गाव घ्यायचंय असं सांगून त्यांना बाहेर काढलं. खरं कुठे जायचंय, ते तळ मागे पडल्यावर सांगितलं. तुम्ही पानं चाळलीत. "यात 'मला वाटतं' कशाला? तुला काय वाटतं, ते कोण विचारतंय? आधी पीएच.डी. कर." मी रडकुंडीला आले. महिन्याभराने तुम्हीच बोलावून सेंदाईतल्या पीएच.डी.साठीच्या जपानी शिष्यवृत्तीचा फॉर्म पुढे ठेवलात. "भूकंपानंतर तिकडे जायला कोणी तयार नाही. तुला नक्की मिळेल, मी पत्र देतो." निघताना तुम्ही मला लोकरी मफलर दिलात आणि मी वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या सेन्सेईंनी, म्हणजे तिथल्या मार्गदर्शकांनी, एका नियतकालिकाचा ताजा अंक हातात दिला. "तुमच्या सरांचा लेख. अभिनंदन!" मी उभ्याउभ्याच वाचला. पहिल्याच पानावर माझा मुद्दा, माझ्याच क्रमाने. चार ठिकाणी तुम्ही 'माझ्या मते' लिहिलंय, सर. सेन्सेई कौतुकाने बघत होते. मी म्हटलं, "हो, माझे सर."

खोलीवर येऊन तुम्हाला फोन केला.

"सर, तो मुद्दा माझा होता."

"अगं, मुद्दे चर्चेत निघतात. ते काय कुणाच्या मालकीचे असतात? आणि तुला तिथे पाठवलं कोणी?"

मी उठून खिडकी लावली.

"थंडी फार आहे का गं?"

"आहे, सर."

एवढंच बोलणं झालं. त्या लढाईवर लिहायचं तर तुमचाच दाखला द्यावा लागला असता, म्हणून विषय बदलला. नव्यात जीव रमला नाही, पीएच.डी. अर्धवट सुटली. मग लग्न झालं, फुनाबोरीत घर झालं. तुम्ही गेल्यावर स्मृतिग्रंथासाठी लेख मागायला फोन आला, तेव्हा मुलगी लहान आहे म्हणून टाळलं. मुलगी तेव्हा माझ्या आईकडे पुण्यात होती.

आज एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅम, सैनिकांना राग नाही आला?" जुना इतिहासकार सांगतो, खरं कळल्यावर ते उलट खूश झाले. तेच तिला सांगितलं. खूश तर मीही होते. सेंदाईत पहिलं वर्षभर, कुणी विचारो न विचारो, मी सांगत सुटायचे, मला माझ्या सरांनी पाठवलंय.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, त्यामुळे एक गोष्ट लिहून टाकते. तुमच्या लेखाचं शेवटचं पान माझ्या टिपणात नव्हतं. मागे राहून तो उणा झालेला तळ भरलेला भासवणाऱ्या माणसांवर तुम्ही तिथे लिहिलंय, की शत्रूला खरं कळलं असतं तर आधी तीच मेली असती, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. हे मला सुचलं नव्हतं, सर. त्या दिवशी, फोन ठेवल्यावर, मी त्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलने बारीक रेघ मारली, छान वाटलं की मारते तशी.