पाच दिव्यांची चाल

नाना,

सायकलच्या रिमवर बसवलेलं ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचं यंत्र, सागाच्या फळ्यांची दोन रेडिओ-खोकी, शटर सोडून दुकानातलं सगळं फर्निचर, आणि दोनशे छप्पन्न बल्बचा तो फलक. एवढं मी माझ्या हातांनी केलं. कुठल्या वर्गात बसून शिकलो नाही, हे लोकांनी न विचारताही सांगतो. फलकाचा नियम मात्र तुमचा, हेही सांगतो.

गणिताची मास्तरकी संपवून वर्ष झालं होतं तुमचं. देवपुरातून पूल ओलांडून रेडिओ घेऊन आलात, आणि तो दुरुस्त होईतो चौकटींच्या वहीवर तुरीचे पाच दाणे मांडलेत. प्रत्येक घराला आठ शेजारी. भरल्या घराचे दोन किंवा तीन शेजारी भरलेले असतील तर ते जगतं, नाहीतर मरतं. रिकाम्या घराला नेमके तीन असले तर तिथे नवा दाणा जन्मतो. मी मोजत, उचलत, ठेवत सुटलो आणि तिसऱ्या फेरीत सगळा विचका. तुम्ही हातावर चापट मारलीत. "आधी बठ्ठं मोज, सगळंच्या सगळं, मग हात लाव! सावद्याला आमच्या केळीत आधी घडांना खुणा होतात, मग विळा चालतो. तू तर पाहता पाहताच कापतोस." बत्तीस वर्षांचा मी, गिऱ्हाइकासमोर मार खाल्ला म्हणून दोन दिवस घुश्शात होतो. तिसऱ्या दिवशी नीट मोजलं. चार फेऱ्यांनंतर तीच आकृती, जशीच्या तशी, एक घर तिरकी सरकलेली.

दाण्यांच्या जागी दिवे लावून फलक करताना तीच चूक मी पुन्हा केली. जुनी पिढी आणि नवी पिढी एकाच मेमरीत लिहीत होतो, आकृती विस्कटायची. मग तुमची चापट आठवली आणि नव्या पिढीसाठी दुसरी चिप लावली. एलईडी सोपे पडले असते, पण तेव्हाचे एलईडी मिणमिणते, आणि काचबिंदूनं तुमची नजर चालली होती, म्हणून टॉर्चचे बल्ब. सोल्डरचा प्रत्येक डाग मी स्वतः दिला, एकही सुटला नाही.

पहिल्या रविवारी तुम्ही नाक जवळजवळ फलकाला टेकवून बसला आहात. पाच दिवे खालच्या कडेत बुडतात, वरून पुन्हा उगवतात. शेजारचा चहावाला डोकावतो, "नाना, हाई काय शे? लगीननी लायटिंग?"

"लगीन नही रे, वंश शे!" आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणता, "पाहिलंस? एकही दिवा जागचा हलत नाही, आणि तरी चाललंय."

नाना, माझ्या कामाकडे इतकं रोखून कोणी पाहिलं नव्हतं. त्यानंतर तुम्ही दर रविवारी यायचात, आणि निघताना विचारायचात, "कोणी विचारलं का रे याला? की मी तुझे दिवस फुकट घालवले?" मी म्हणायचो, नाही, अजून कोणी नाही. तुम्ही गेलात ते हीच रुखरुख घेऊन, हे मला ठाऊक आहे.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून लिहितो. मी खोटं बोललो. जळगावच्या एका मोटारवाल्यानं शोरूमच्या काचेत लावायला फलक मागितला होता. दुसरा करायला मला आठ महिने लागले असते, आणि डॉक्टरांनी तुमच्या नजरेला तेवढी मुदत दिली नव्हती. मी नाही म्हटलं. अकरा हजार देत होता.