शेवटच्या वाट्याला हात हलका

मु. साखरा
कार्तिक वद्य पंचमी, शके १८५९

सौ. मनकर्णाक्कास,

धाकट्या नामाजीचा शिरसाष्टांग नमस्कार. कुरुंद्याला भाऊजी, तुझे सासूसासरे, दीर संतराम आणि दोन्ही लेकरं खुशाल असतील असं धरून चालतो. धरूनच चालावं लागतं, कारण तुझ्या पत्रात खुशाली कमी आणि माझी खरडपट्टी जास्त.

तू विचारलंस, औरंगाबादचं कॉलेज मधेच काहून सोडलं. आमटीवरून सोडलं. मी वॉर्डनला म्हणालो, ही आमटी नाही, ओढा आहे. तो म्हणाला, ज्याला पोहता येत नाही त्यानं घरी जावं. मी तिथल्या तिथं ट्रंक उचलली. माणसाला काही स्वाभिमान असतो की नाही?

आता मी साखऱ्याला उकंडराव पाटलांकडं कापूस वेचणीच्या देखरेखीला आहे. तू म्हणशील, सेनगावात माय एकटी, घरचं शेत पडलेलं, मग साखराच काहून? इथली हवा चांगली आहे.

पगाराचं अजून ठरलं नाही. मी विषय काढला की उकंडराव माझ्या पाठीवर हात ठेवतात. "नामाजीराव, तुमी घरचे. घरच्या माणसाला पगार देऊन त्याचा अपमान करावा व्हय?" आक्का, ते 'घरचे' म्हणाले त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्यांना एक मुलगी आहे. शालू. ती दुपारी शेतात भाकरी घेऊन येते, म्हणून उल्लेख करावा लागला.

काम मोठं नाजूक आहे. बाया दिवसभर वेचलेला कापूस शेताच्या कडेला धुऱ्यावर आणून ओततात. प्रत्येकीच्या कापसाचे मी दहा वाटे घालतो. नऊ मालकाचे, दहावा तिची मजुरी. उकंडरावांनी मला स्वतः शिकवलं. आपले वाटे गुडघा देऊन नीट दाबायचे, म्हणजे वारा उडवत नाही. "आणि शेवटच्या वाट्याला हात हलका ठेवत जा. जरा झाडून, मोकळा करून. बाईमाणसाचा वाटा हाय, त्याला काहून चेंगरायचं?" किती मायाळू माणूस! मी तो दहावा वाटा असा झाडतो की लाह्यांसारखा फुगतो, मालकाच्या वाट्यापेक्षा चार बोटं उंचच दिसतो. शालू उभी राहून बघते. मी अजून झाडतो.

आपलं घराणं काही ऐरंगैरं नाही हे कळावं म्हणून मी उकंडरावांना तुमचं सगळं सांगितलं. तुमची हळद, संतरामच्या दोन बैलजोड्या, नवं बांधलेलं माळवद. फार मन लावून ऐकलं त्यांनी. "संतरामाचं लगीन व्हायचं असंल अजून?" असंही विचारलं. परक्या माणसाची इतकी आपुलकीनं चौकशी कोण करतं?

भाऊजींना आणि सगळ्या मोठ्यांना नमस्कार. लेकरांचे पापे घे.

तुझा
नामाजी


मु. सेनगाव
मार्गशीर्ष वद्य द्वितीया

सौ. आक्कास,

गावाचं नाव वाचून कळलंच असेल की मी साखऱ्याला नाही. हवा बदलली.

माय तुला काहीबाही लिहवून धाडील, त्याआधी माझ्याकडून ऐक. कुणाला मारलेलं नाही. कापसाला आग लावलेली नाही. ज्यानं कुणी तुझ्यापर्यंत ते पोचवलं, त्याला माझ्यासमोर आण.

झालं ते असं. त्या दिवशी दुपारीच वाटे घातले. धुरपताबाई नावाची एक वयस्क बाई आहे, सगळ्या बाया तिचं ऐकतात. तिनं आपला वाटा लुगड्याच्या धडप्यात बांधला. शालू भाकरीची टोपली घेऊन समोर उभी. मला वाटलं, आपण म्हातारीचं गाठोडं तिच्या डोक्यावर द्यावं, शालूलाही दिसेल माणूस किती मनाचा आहे. एवढं मोठं गाठोडं म्हणून मी पाय रोवले, दम धरला आणि सगळा जोर लावून उचललं.

आक्का, ते गाठोडं माझ्या डोक्यावरून मागं उडून गेलं. आणि त्याच्यामागं मी. सरळ तुरीत.

बाया अशा हसल्या की बैल बुजले. धुरपताबाई मला हात देऊन म्हणाली, "दादा, आमचा वाटा हाय तो. त्याला येवढा जोर लागत न्हाई."

मी म्हणालो, "पण दिसतो तर एवढा!"

"दिसतोच. घरी नेईस्तोर बसतो. तुमचा हात लई गोड, कालेजवाले. पहिल्या कारभाऱ्याला तर येवढा फुगवता बी येत न्हवता."

मी तुरीत बसूनच होतो. कार्तिकापासून मी ज्याला माया समजून राहिलो होतो, ती ही होती. आणि मी ती पदरचं कौशल्य लावून करत होतो, कुणीतरी बघतंय म्हणून. बाकी बाया मग बोलल्या. पूर्वी वाटे बाईनंच घालायचे आणि मालकाच्या माणसानं त्यातले नऊ उचलायचे, उरला तो तिचा. कोणते नऊ जातील हे ठाऊक नसल्यानं कुणी लबाडी करत नव्हतं. उकंडरावांनी घालणं आणि उचलणं दोन्ही आपल्याकडं घेतलं.

माझं डोकं कसं तापतं तुला माहीत आहे. तेवढ्यात उकंडराव आले.

"काय तमाशा लावला?"

"मालक, उद्यापासून वाटे बाया घालतील. पहिले असंच होतं."

"पहिले तू बी न्हवता."

"आणि मला पगार पाहिजे."

"आरं, घरच्या माणसानं..."

"घरचा म्हणता तर शालू द्या मला!"

हे शेवटचं ठरवलेलं नव्हतं. तोंड उघडंच होतं, त्यातून ते बाहेर पडलं. एका बाईच्या हातून तर कापसाची ओटीच सुटली.

उकंडराव चिडतील असं वाटलं होतं. ते हसले. "तीन गोष्टी मागितल्या, त्या बी चारचौघींत. उकंडराव पाटील कोणाला रिकाम्या हातानं धाडत न्हाई. तिन्हीतली एक देतो. बोल, कोणती?"

शालू तुरीची शेंग सोलत होती. मान वर केली नाही.

आक्का, मी शालूच म्हणणार होतो. ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात माझ्या हाताकडं लक्ष गेलं. बोटांना कापसाचे तंतू चिकटलेले. आणि धुरपताबाई माझ्याकडं बघत होती, जसं काही मी काय म्हणणार हे तिला आधीच ठाऊक होतं आणि त्याचा तिला रागही नव्हता. ते मला सोसलं नाही.

म्हणालो, "वाटे."

"दिले," उकंडराव म्हणाले. "पगार न्हाई, पोरगी न्हाई, आणि तुझं तोंड बी पुन्हा इथं दिसायचं न्हाई."

शब्द पाळला त्यांनी, ते खोटं कशाला सांगू. पाळावाच लागला म्हणा, बोंडं फुटून कापूस खाली गळत होता आणि बाया हात बांधून उभ्या.

मी निघालो तर शालू टोपली घेऊन माझ्याजवळून गेली. मी हळूच विचारलं, "रागावलीस?"

"वाटे मागितले ते बराबर केलं," ती म्हणाली. "पर मला बापाला काहून मागितलं? मी काय वाटा हाय, त्यांनी बोट दाखवून द्यायला?"

"मग कोणाला मागायचं?"

"कालेजात येवढं बी शिकवलं न्हाई?" असं म्हणून निघून गेली. वळून पाहिलं नाही. मी बराच वेळ बघत होतो, म्हणून सांगतो.

तिथून हिंगोलीला पुनमचंद शेठजींच्या अडतीवर गेलो. या वेळी आधी पगार विचारला. शेठ म्हणाले, "मिळेल, मापाला हात कसा आहे?" म्हणालो, जड आहे. ते म्हणाले, मग शेती करा. तेव्हा मी सेनगावात आहे, बाभळी तोडून राहिलो, आणि माय माझ्याशी फक्त मांजराच्या मार्फत बोलते.

आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो. इतका वेळ त्याला वळसे घालून राहिलो.

येत्या पौर्णिमेआधी तुमच्याकडं पाहुणे येणार आहेत, बाजारात धुरपताबाई भेटली, तिनं सांगितलं. संतरामला स्थळ घेऊन. ते पाहुणे कोण, हे तुला सासऱ्यांनी सांगितलं असेल. साखऱ्याचे उकंडराव पाटील, सोबत त्यांची बायको यशोदाबाई आणि मुलगी. तुमची हळद आणि बैलजोड्या त्यांना कोणी सांगितल्या, हे तू कोणाला सांगू नको.

पहिले वाटलं, तुला लिहावं की संतरामला फेफरं येतं म्हणून सांग. तसं लिहिलंही होतं. फाडलं. संतराम सोन्यासारखा माणूस आहे, लहानपणी मला विहिरीत पोहायला त्यानंच शिकवलं. तू त्याचं वाईट सांगू नको. तो घोरतो तेवढं सांगितलंस तर मात्र ते खोटं होणार नाही. नाही, तेही राहू दे.

एवढंच कर. पुरुषमंडळी ओसरीवर पान खात बसली की शालूला आत चुलीपाशी घे. यशोदाबाईंना लेकरं बघायला बाहेर पाठव. आणि तिला एकटीला विचार की बाई, तुझ्या मनात काय आहे. माझी बाजू मांडू नको. माझं शेत कोरडवाहू आहे, कॉलेज अर्धं आहे, डोकं तापट आहे, हे ती विचारील तर लपवू नको. तिला आजवर हे कोणी विचारलेलं नाही, मीसुद्धा नाही.

ती जे म्हणेल ते मला तिच्याच शब्दांत कळव. मला बरं वाटावं म्हणून एक अक्षर गोड करू नको. तिनं संतरामचं नाव घेतलं, तर हळदीला मला बोलाव. मी येईन, जेवीन आणि कोणाशी भांडणार नाही, असा शब्द तुला आज प्रथमच देतो.

आणि दुसरं काही म्हणाली, तर पत्राची वाट बघू नको. कोणाला तरी घोड्यावर पाठव.

तुझा
नामाजी