पिंजलेलं छत

३ फेब्रुवारी १९७५, कुंडल
कऱ्हाडहून एस.टी.नं दुपारी पोचलो. टॉकीज बघून जिवाला बरं वाटलं, महिनाभराचं काम आहे. आवाज घुमू नये म्हणून छताला नि भिंतींना पांढरा खरखरीत लेप मारलाय, तो आता ठिकठिकाणी लोंबतोय. मालक तात्याबा म्हणाले, सगळा खरवडून काढा. बोटानं दाबला, कापसासारखे तंतू सुटले आणि ओळखला. ॲस्बेस्टॉस! गोदीत असताना बॉयलरवर हाच थापायचो. त्याची धूळ छातीत बसून तेव्हाचे माझे चार सोबती वीस वर्षांनी धापा टाकत मेले. पण मला आता रीत ठाऊक आहे. कोरडा खरवडायचा नाही, बस्स.

५ फेब्रुवारी
दारांना ओली पोती टांगली. पंपानं साबणाचं पाणी मारायचं, लेप भिजला की खरवडायचा, ओलाच पोत्यात भरून तोंड शिवायचं आणि मागच्या खड्ड्यात पुरायचं. झाडूला हात लावायचा नाही. कारण कुणाला सांगितलं नाही. लोक बिथरले तर तात्याबा काम बंद करतील. नुसतं म्हटलं, इकडे फिरकू नका. शेजारच्या राहीबाई उंबऱ्यावर भाकरी ठेवून जातात. परवाच त्यांच्या लेकीला मुलगी झाली. भिंतीपलीकडून बाळाचं रडणं येतं, तेवढीच सोबत.

११ फेब्रुवारी
सहा दिवसांत कुणाशी चार शब्द बोललो नाही. समोर नुसत्या रिकाम्या खुर्च्या. फार एकटं वाटतं. आज बाहेर पिंजाऱ्याची कापूस पिंजायची धनुकली वाजत होती. कुणाकडे तरी गादी भरतायत. हात थांबवून ऐकत राहिलो.

१२ फेब्रुवारी
खड्डा उकरलेला. तीन पोती नाहीत.
राहीबाईंच्या छपरावर त्यातल्या लेपाचा ढीग वाळत घातलेला, आणि अंगणात दस्तगीर पिंजारी तो पिंजत होता. पांढऱ्या धुरळ्यात त्याचं तोंडही दिसेना. मी ओरडलो. राहीबाई हसल्या. “आवं मिस्त्री, एवढा कापूस मातीत घालताय, लेकराच्या बारशाला वाईच घेतला तर काय बिघडलं?”
सगळं सांगितलं. दस्तगीर म्हणाला, मग तुमी कसं जित्तं हाय? राहीबाईंनी विचारलं, एवढं हाय तर आदी का न्हाई सांगितलं? त्यांना वाटतंय, मला तो कापूस विकायचाय.

१३ फेब्रुवारी
उंबऱ्यावर भाकरी, आणि शेजारी त्याच लेपानं भरलेली उशी. माझ्यासाठी. माझा राग जावा म्हणून.
बायको गेल्यापासून मला कुणी काही दिलं नव्हतं. रडू आलं. डोकं टेकलं नाही. फेकवतही नाही. ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलीय.

१४ फेब्रुवारी
बारसं. बादली घेऊन राहीबाईंच्या घरात घुसलो. बाळाला उचलून आईकडे दिलं, पाळण्यातल्या गादीवर पाणी ओतलं— बायका किंचाळल्या. गडी धावले. मिस्त्रीला खूळ लागलंय म्हणे. फार मारलं.

१५ फेब्रुवारी
मला टॉकीजमध्ये कोंडलंय, बाहेरून कुलूप. दुपारच्या एस.टी.त बसवणार मला.
ओरडून घसा बसला. आवाज फुटत नाही.
दाराच्या फटीतून दिसतंय— राहीबाई समजूत घालायला आल्यात. गादी उन्हात वाळली. बाळ मांडीवर. म्हणतात, बघा मिस्त्री, कशी फुगलीया, उगं भ्या घातलासा— आणि थापटतायत— पांढरं उडतंय— बाळ जांभई देतंय—
हे पान दाराखालून सरकवतो. त्यांना वाचता येत नाही. कुणीतरी वाचून दाखवा— राहीबाई, थापटू नका, बाळाला आत न्या, आधी बाळाला आ—