सातवी चिठ्ठी

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग मुद्दाम. पालथं पडलं की तोंड दाखवावं लागत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? आणि तुझी लेक तीन दिवस गप्प का आहे, ते तिनं सांगितलं का? नसेलच सांगितलं. म्हणून मीच सांगतो.

मी शाळेत स्पॅनिश शिकवतो हे तू शेजारीपाजारी अभिमानानं सांगतेस. आता जरा जपून सांगत जा. क्रियापदांची रूपं नुसती घोकायला लावली की मुलं पेंगतात, म्हणून मी एक खेळ काढला. कापडी चेंडू एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जातो, मी चिठ्ठी वाचतो, ‘आम्ही जेवतो’ किंवा ‘ती धावली’, आणि चेंडू ज्याच्या हातात त्यानं ते स्पॅनिशमध्ये सांगायचं. खेळ चांगला आहे गं. वाईट मी आहे. तपासणीस बाई येणार हे कळलं आणि मी घाबरलो, कारण माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. मग मी चोवीस चिठ्ठ्यांचा क्रम ठरवून टाकला आणि चोवीस मुलांकडून ज्याचं त्याचं एकच उत्तर पाठ करून घेतलं. (बाईंना स्पॅनिश कुठून येणार, हाही माझाच शोध.)

सातव्या नंबरावर तुझी लेक. तिला मी लाडानं गोगलगाय म्हणतो, कारण ती विचार करून बोलते. बाईंसमोर ती अडली तर काय, या भीतीनं मी तिला ऐन वेळी ऑफिसातून खडू आणायला पिटाळलं. मुलगी बाहेर गेली, तिची चिठ्ठी मात्र गठ्ठ्यातच राहिली. पहिली सहा उत्तरं अशी खणखणीत आली की मी मिशीवरून हात फिरवला. सातवी चिठ्ठी गेली आठव्या मुलाला, आणि तिथून सगळी रांग एक घर चुकत गेली. ‘आम्ही जेवतो’ला उत्तर आलं ‘ते झोपतात’. ‘मी लिहीन’ला ‘तू पडलास’. तेही छाती पुढे काढून! खेळ थांबवावा, तर का थांबवला ते सांगावं लागणार. सतरा मुलं गेली अशी. बाईंना स्पॅनिश माझ्यापेक्षा बरं येतं, हे त्यांच्या आवळलेल्या ओठांवरून कळलं.

तेवढ्यात गोगलगाय खडू घेऊन दारात. चेंडू घरंगळत तिच्या पायाशी गेला आणि बाईंनी तिलाच एक क्रियापद विचारलं. ती थांबली (मी मनात दहापर्यंत मोजलं), आणि मग त्याची सहाच्या सहा रूपं एकही न चुकता सांगितली. "इतका वेळ कुठे होतीस गं?" बाईंनी विचारलं. माझ्या टेबलावर खडूंचा भरलेला डबा उघडा पडला होता. तिनं तो पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाली, "वर्गातले खडू संपले होते, बाई."

ताई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून ती रस्त्यात भेटली तरी ‘सर’ म्हणून बाजूनं निघून जाते. मामा म्हणत नाही.

खाली मान घातलेला,
तुझा धाकटा भाऊ

ता. क. : बाई सोमवारी परत येणार आहेत, आणि खेळ त्या मुलीनं घ्यावा म्हणतात. ती आली नाही तर माझं काही खरं नाही. जरा समजाव ना तिला.

दुसरा ता. क. : वरचा ता. क. वाचू नकोस. एवढं लांबलचक पत्र तुला लिहिलं, आणि जिची माफी मागायची तिला एक ओळ नाही. सोमवारचं सोमवारी बघू.

तिसरा : म्हणून हे टपालात टाकलं नाही, तुमच्या दाराखालून सरकवतोय. मी जिन्यात उभा आहे. दार तिला उघडू दे. तिनं कितीही वेळ लावला तरी चालेल, मी थांबतो.