काकीची पायवाट

अप्पा, शनिवारी मी आपल्या वाडीतली काटेरी तार कापली. तुम्ही स्वतः ठोकलेली, गंजली तरी तुमच्यासारखीच ताठ. पक्कड तुमचीच वापरली, म्हणजे निम्मी जबाबदारी तुमची.

कारण ऐका. आमच्या मनवेलपाड्याच्या सोसायटीने आणि आपल्या गासच्या लोकांनी मिळून एक ठरवलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाणाऱ्या नर्सताईंना गाडी घ्यायची, आणि त्यासाठी रविवारी वर्गणी भरून सगळ्यांनी वाड्यांमधून शेतांपर्यंत चालायचं. तुम्ही हसला असतात. म्हणाला असतात, "चालायला वर्गणी? माझ्याकडे या, खत वाहायला लावतो, फुकट!" पण रस्त्यावरून डंपर धावतात. कोणीतरी विचारलं, तुमच्या वाडीत पाटाच्या कडेने पायवाट होती ना? होती. पलीकडच्या काकीच्या दारातून निघून आपल्या केळींमधून रस्त्याला लागायची. तुम्ही ती बंद केलीत, आणि ती माझ्यामुळे, हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

तेव्हा मी दहा वर्षांची होते. झाडावरची जामाची फळं काढायला पलीकडे गेले आणि येताना बांबूचं फाटक उघडं टाकलं. बकऱ्या शिरल्या, सोनचाफ्याची नवी कलमं साफ. तुम्ही अंगणात उभे, हातात बकऱ्यांनी सोललेली एक काडी. "फाटक कोणी उघडं टाकलं?" मी काकीच्या घराकडे नुसतं बोट केलं. संध्याकाळपर्यंत तार ठोकून झाली होती. काकीच्या नवऱ्याशी, सख्ख्या चुलतभावाशी, तुम्ही मरेपर्यंत बोलला नाहीत. आणि काकी डोक्यावर फुलांची पाटी घेऊन गावतळ्याला वळसा घालून बस गाठत राहिली, पोटुशी असताना, पुढे गुडघे गेल्यावरसुद्धा. शाळेत जाताना ती दिसली की मी मान खाली घालायचे. लाज वाटायची, पण तुमची भीती जास्त होती.

तार कापून तशीच तिच्या ओटीवर गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बसले असते तर रडले असते. काकी वाल सोलत होती. हात थांबले.

"त्यापायी मी माझ्या पोराला मारला," ती म्हणाली. "त्यानंच फाटक उघडा टाकला समजून. मी नाय, मी नाय म्हनत होता, तरी मारला."

मी माफ कर म्हटलं. ती म्हणाली, "जा तू आता."

रविवारी सकाळी वाडीत चाळीसेक माणसं जमली, टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन. माझं लक्ष कशातच नव्हतं. काकी आली नाही तर ही वाट चाळीस जणांनी तुडवून मला काय मिळणार होतं? निघालो, केळींमधून पुढे गेलो, तर तार होती तिथे ती उभी, पायात नव्या चपला, हात मुलाच्या हातात. तो आता टकला झालाय.

मी म्हटलं, "काकी, चल ना आमच्याबरोबर."

"येते. पन आधी माला रस्त्यापर्यंत जाऊ दे."

वाट एकाच माणसापुरती. आम्ही सगळे केळींमध्ये बाजूला झालो आणि ती आमच्यासमोरून उलट दिशेने, हळूहळू, रस्त्यापर्यंत गेली. तिथे क्षणभर थांबून परत आली. मुलगा माझ्याजवळ वाकून म्हणाला, "तो मार तुझ्या नावावर जमा आहे, लक्षात ठेव." आणि मोठ्याने हसला. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. मग काकी आमच्या पुढे शेतापर्यंत चालली, आणि तिथे टेकल्यावर आम्हा सगळ्यांना म्हणाली, "दमलात?"

हे पत्र खरं तर तुम्हाला बोल लावायला घेतलं होतं, अप्पा. एकदाच का विचारलंत? दुसऱ्यांदा विचारलं असतंत तर मी खरं सांगितलं असतं, असं इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले. आता काकीला तोंड दाखवून आल्यावर तुमच्याशी तरी खोटं कशाला बोलू? नसतं सांगितलं.