सखुबाईंच्या ट्रेलरचं दार

रविवार, १ सप्टेंबर २००२
पहिली ऑर्डर! वणीच्या सखुबाई स्वतः अंबडच्या माझ्या नव्या शेडवर आल्या. नवरात्रात त्या आणि त्यांची जाऊ यात्रेकरूंसाठी जेवणाचा स्टॉल लावतात. जीपमागे ओढायला बंद ट्रेलर हवाय. मागचं दार खाली पाडलं की तोच रॅम्प, त्यावरून चाकांची भट्टी उतरवायची. घटस्थापनेच्या आत. अट एकच: दार बाईमाणसाला एकटीला उघडता-लावता यावं. गेल्या वर्षी ट्रॉलीचा फाळका जावेच्या पायावर पडला, ती अजून लंगडते.
म्हटलं, करंगळीने उघडाल. बावीस वर्षं कंपनीत काढलीत मी. स्टोअर्समध्ये, पण ड्रॉइंग्ज माझ्याच टेबलावरून जायची.
बायकोची, संध्याचीही अट आहे. दसऱ्यापर्यंत शेडला रांगेने कामं लागली तर ठीक, नाहीतर नांदगावला तिच्या भावाचं खतांचं दुकान. किशोरच्या हाताखाली! मरेन, पण जाणार नाही.

गुरुवार, ५ सप्टेंबर
सांगाडा उभा राहिला. खंडेराव (माझा फिटर, वेल्डर, सबकुछ) म्हणतो, दार झालं की आधी वजन करू, मग स्प्रिंग ठरवू. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे काटा आहे म्हणे. माझं पहिलं दार भंगाराच्या काट्यावर? छे. अंदाजे चाळीस किलो. अनुभवाने कळतं.

शनिवार, १४ सप्टेंबर
स्प्रिंगची निवड शास्त्रीय पद्धतीने चालू. तक्ता केला. बिजागरीच्या दांड्यावर बसणारी पिळाची स्प्रिंग, वायर-रोपने ओढणारी लांब स्प्रिंग, गाडीच्या डिकीला असतात ते गॅसचे दांडे. फायदे, तोटे, शेरा. तीन रंगांत. खंडेरावने विचारलं, वजनाचा रकाना कुठंय. जागा उरली नव्हती.
दाराला जाड लोखंडी चेकर्ड प्लेट मारायला सांगितली. मजबुती हवी.

रविवार, २२ सप्टेंबर
स्प्रिंगची ऑर्डर देणार, तर पितृपक्ष लागला! पंधरा दिवस नवी वस्तू घ्यायची नाही. मी तसलं मानत नाही. पण पहिलंच काम आहे, उगाच कशाला? खंडेराव पुटपुटला की आठ दिवस तक्ता रंगवला नसता तर. पुढचं मी ऐकलं नाही.
दुपारी सुचलं. जुनी वस्तू चालते की!

मंगळवार, २४ सप्टेंबर
जुन्या व्हॅनच्या डिकीचे दोन गॅसचे दांडे बसवले. दार सोडलं. धाडकन जमिनीवर. दांडे वाकडे. जुन्या मालाचं असंच असतं.

बुधवार, २ ऑक्टोबर
जुन्या शटरच्या स्प्रिंगा मिळाल्या. खंडेराव म्हणाला एक लावून बघू. मी चारही लावल्या. मदत जेवढी जास्त तेवढी चांगली.
दार खालीच येईना. दोघं लोंबकळलो, तेव्हा आलं. खंडेरावला शिंक आली, त्याचा हात सुटला. मी दारासकट वर गेलो आणि आत पडलो. दार बंद. उघडायला शेजारच्या शेडमधून तीन माणसं आणावी लागली. वीस मिनिटं आत होतो. आतलं फिनिशिंग छान झालंय.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर
तीन स्प्रिंगा. तेच. पुन्हा चार. तेच. इथेच लिहितो, कुणाला सांगणार? घाबरलोय. जेवण जात नाही. संध्या बॅगा झटकून ठेवतेय. किशोरचा फोन येऊन गेला, त्याने तब्येत विचारली. माझी तब्येत कशाला विचारतो हा?

रविवार, ६ ऑक्टोबर. सर्वपित्री
सखुबाई आल्या. जाऊ चंद्रभागाही. सखुबाईंनी दार ओढलं. वीतभर आलं, हिसडा देऊन परत गेलं. चंद्रभागा लंगडत तीन पावलं मागे सरकल्या. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
सखुबाई म्हणाल्या, "दादा, मला दार उघडायचंय. त्याच्याशी कुस्ती नाय खेळायची."
मग त्यांनी खंडेरावला वजन विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.
दार उतरवून भंगारवाल्याकडे नेलं. एकशे दहा किलो! खंडेरावने चेकर्ड प्लेट काढून प्लाय ठोकला, परत काट्यावर, साठ. तीन स्प्रिंगा काढल्या, एकच ठेवली. संध्याकाळी सहाला चंद्रभागांनी एका हाताने दार उघडलं, एका हाताने लावलं. चारदा. मग लहान मुलीसारख्या हसल्या.
म्हणजे निवड माझीच बरोबर होती. स्प्रिंग शटरचीच. फक्त आकडा.

मंगळवार, १५ ऑक्टोबर. दसरा
वणीहून तीन ट्रेलरची कामं आली. खंडेरावच्या नावाने. शेड त्यालाच दिली. मशीनला हार घालून त्याने मला सोनं दिलं, पाया पडला, म्हणाला, "साहेब, तुम्ही थांबा ना. तक्ते करायला." चेष्टा नव्हती, मनापासून म्हणाला. तेच लागलं.

सोमवार, ११ नोव्हेंबर. नांदगाव
दुकानाचं शटर फार जड आहे. स्प्रिंग तुटलेली. रोज सकाळी मी खांदा लावून उचलतो, तेव्हा किशोर गिऱ्हाइकांना सांगतो, आमचे दाजी स्प्रिंगमधले एक्स्पर्ट.
गोण्या तोलायला मोठा काटा आहे इथे. दुपारी कुणी नव्हतं, तेव्हा त्यावर उभा राहिलो. एक्क्याऐंशी किलो.
मी अंदाजे सत्तर धरत होतो.