अकरा पाहुणे आणि अडकलेला चहा

आदरणीय साधनावहिनींना कुंदनचा (आणि माझ्या खांद्यावरून प्रत्येक ओळ वाचत उभ्या असलेल्या रागिणीचा) नमस्कार.

आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुमची खुशाली विचारत नाही, कारण परवा व्हिडिओवर ती तुम्ही सविस्तर ऐकवली आहे. दादाचा गुडघा, कूलरची जळलेली मोटर, समोरच्या सुंदराबाईंच्या सुनेची नवी गाडी आणि तिला अजून न जमणारं रिव्हर्स, एवढं सगळं झालं आणि मी तोंड उघडलं तेव्हा तुम्ही "चला भाऊजी, कुकर झाला" म्हणून फोन ठेवलात. म्हणून पत्र लिहितो आहे. पत्राला मध्येच कुकर होत नाही.

सगळ्यात आधी एक काम करा. गॅसवर चहाचं आधण ठेवा. मात्र पत्ती टाकायच्या आधी पत्र शेवटपर्यंत वाचा. (शेवटपर्यंत म्हणजे ताजा कलमापर्यंत. तुम्ही सही आली की घडी घालता, मला माहीत आहे.)

मला परदेशातल्या या डोंगरी गावात नोकरी लागली तेव्हा तुम्ही नांदगाव खंडेश्वरच्या आपल्या शेतातल्या मारुतीला नवस बोललात. कुंदनचं तिकडे बस्तान बसू दे, तिथेच अकरा पाहुण्यांना गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे खाऊ घालू, आणि नोकरी पक्की झाली की नवस फिटेपर्यंत मी चहाला शिवणार नाही. म्हणजे नवस तुमचा, बस्तान माझं आणि राबायचं रागिणीने. कामाची वाटणी तुम्हाला पहिल्यापासूनच छान जमते. नोकरी मार्चमध्ये पक्की झाली आणि त्या दिवसापासून अकोल्याला जठारपेठेतल्या आपल्या घरात काय चाललं आहे ते दादा मला चोरून कळवतो. तुम्ही त्याचा चहा करता आणि पातेल्यावर वाकून नुसता वास घेता. दुपारी चार वाजता तुमच्याशी बोलायची हिंमत कोणाला होत नाही. दुधवाल्याने दुसरी गल्ली धरली आहे. दादा स्वतः दुकानातच जेवतो आणि घरी गिऱ्हाइकांची गर्दी सांगतो. (पंपसेटच्या दुकानात ऑगस्टमध्ये कसली गर्दी हो? पण बिचाऱ्याला धरू नका.)

तेव्हा तुमचा चहा माझ्या मानेवर बसला होता. रोडगे करणं एक वेळ सोपं, अकरा पाहुणे आणायचे कुठून? अकोल्यात रोडग्यांचा विस्तव पेटला की न बोलावता अकरा माणसं येतात, आणि त्यातली चार वांगी चिरायला बसतात. इथे दोन वर्षं झाली तरी आमच्या दाराची बेल पोस्टमनशिवाय कोणी वाजवलेली नव्हती. लोक वाईट नाहीत. रस्त्यात दिसेल त्याला नमस्कार करतात, अगदी हसून करतात, आणि पुढचं वाक्य यायच्या आत वळण गाठतात. दोन वर्षांत मला कोणी पगार विचारला नाही, भाडं विचारलं नाही, मूलबाळ का नाही हेसुद्धा विचारलं नाही. जठारपेठेच्या चौकात रिक्षावाला एवढं सगळं पुढच्या वळणापर्यंत काढून घेतो. इथे माणसाला आपण खरंच राहतो की नाही अशी शंका यायला लागते. रागिणी तर एकदा आरशासमोर उभी राहून स्वतःलाच म्हणाली, "काहून वं, मूल नाही काय तुले?" म्हटलं, निदान घरात तरी कोणी विचारतंय.

आणि तुम्ही! या म्हटलं की तुमचं ठरलेलं उत्तर, "जेथं शेजारी दार ठोकत नाही त्या गावात येऊन मी काय करू, भिंतीसंग बोलू?" दोन वर्षं हे ऐकतो आहे. तेव्हा बस्तान बसल्याची खूण म्हणून मारुतीला अकरा पाहुणे हवे होते, यात त्याची चूक नव्हती. तो आपल्याकडचा आहे.

मी रीतसर आमंत्रणं दिली. प्रत्येकाने खिशातून डायरी काढली. एकाला नोव्हेंबरातला एक शनिवार मोकळा होता. एका बाईंनी कार्यक्रम किती वाजता संपेल ते विचारलं. (इथे आमंत्रणातच संपण्याची वेळ लिहितात आणि त्या वेळी पाहुणे खरंच उठतात. आपल्याकडे त्या वेळी यायला लागतात.) खाली राहणाऱ्या आमच्या घरमालकीण गेर्बरबाईंनी तर कागदावर लिहून कळवलं की निमंत्रणाबद्दल आभार, विचार करून सांगते. त्यांचं सगळं कागदावर असतं. गावातल्या गाईंच्या गळ्यात ढोलाएवढ्या घंटा आहेत, त्या रात्रभर वाजतात आणि सगळा गाव त्यावर गाढ झोपतो. पण आमच्या कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला बाईंची चिठ्ठी आली होती.

मग गोवऱ्यांचं आलं. ओव्हनमध्ये भाजतो म्हटलं तर तुम्ही व्हिडिओवरून डोळे वटारलेत, "ओव्हनातला रोडगा मारुतीले चालत नाही." रागिणी म्हणाली, "काहून? त्याले कोण सांगून राहिलं?" त्यावर तुम्ही फोनच ठेवलात. आता वहिनी, मी मशीनचे आराखडे काढणारा माणूस. अमरावतीला शिकलो, पुण्याला नोकरी केली, गोवरी आयुष्यात नुसती विकत घेतलेली. पण इथे शेणाला तोटा नाही. शेजारच्या उलीकडे चाळीस गाई आहेत. त्याला शेण मागितलं तर त्याने कुठल्या फुलांना घालणार एवढंच विचारलं आणि ढकलगाडी भरून आणून दिलं, वर शेणात कालवायला गव्हाचं कुटार दिलं. मी तुमच्याकडून व्हिडिओवर धडे घेतले, चष्म्यावर शिंतोडे घेतले आणि आपल्याकडे जशा थापतात तशा गोवऱ्या दक्षिणेच्या भिंतीवर थापल्या. ऊन तिथेच पडतं. भिंत गेर्बरबाईंची होती, हे मला थापून झाल्यावर सुचलं.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली. मी बॅगा भरायच्या तयारीनेच ती उघडली, कारण इथे मालकाने घर सोडा म्हटलं की गावात दुसरं मिळणं कठीण. बाईंच्या दोन तक्रारी होत्या. एक, पूर्वसूचना दिली नाही. दुसरी, ओळी वाकड्या आहेत. वासाबद्दल एक अक्षर नव्हतं! शेणाचा वास इथे हवेत धरलेलाच असतो, उली महिन्यातून एकदा शेतात शेणाचा फवारा मारतो आणि बायका त्यातच कपडे वाळत घालतात. मी सुतळी लावून सगळ्या गोवऱ्या पुन्हा थापल्या. मग ग्रामपंचायतीचे श्टुकीसाहेब टेप घेऊन आले. इथे शेण साठवायचा नियम गाईंच्या संख्येवर आहे, त्यांनी मला गाई किती ते विचारलं. एकही नाही म्हटल्यावर त्यांनी भिंत पुन्हा एकदा मोजली. शेण आहे आणि गाय नाही, असा माणूस त्यांच्या नियमात बसत नव्हता. शेवटी उलीच्या एका गाईला त्यांनी माझ्या वतीने जबाबदार धरलं आणि गेले. मी मात्र घाबरलेलाच होतो. अकोल्यात दोन दिवसांत वाळणाऱ्या गोवऱ्या इथे तीन आठवडे वाळल्या, त्यातही पाऊस आला की रागिणी त्यांच्यावर माझा रेनकोट टाकायची. मी भिजायचो.

अखेर गेल्या शनिवारी उलीच्या शेताच्या कडेला आम्ही विस्तव पेटवला. विचार करून आमंत्रण स्वीकारलेले पाहुणे एकूण तीन होते : उली, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई. अकरापैकी तीन. रागिणीने जाड कणकेचे रोडगे वळले, तुरीचं वरण शिजवलं, तुर्की दुकानातली वांगी आपल्या पद्धतीने केली आणि विस्तवाकडे पाहत बसली. तुमच्या चहाची मला खरंच काळजी वाटली. माझ्या बोलण्यात थट्टा असते पण वहिनी, आई गेल्यावर शाळेत जाताना मला अर्धा कप चोरून द्यायच्या त्या तुम्हीच होतात, तेव्हा त्या क्षणी मला मारुतीशी भांडावंसं वाटलं.

आणि गोवऱ्या अजून ओलसर होत्या. धूर असा उठला की वरचा डोंगर दिसेनासा झाला. तेवढ्यात घंटा वाजवत लाल बंब आला! गावातल्याच लोकांचं अग्निशमन दल असतं इथे, आणि दलाचे प्रमुख कोण, तर टेपवाले श्टुकीसाहेब. सहा गडी घेऊन उतरले. उतरल्यावर सातही जणांनी आधी आमच्याशी, मग उलीच्या आईशी, असं सगळ्यांशी ओळीने हस्तांदोलन केलं. आग थांबते इथे, रीत थांबत नाही. मग त्यांनी पाइप सोडायला घेतला. रागिणी पळी घेऊन विस्तवासमोर उभी राहिली आणि साहेबांना म्हणाली, "पाणी टाकून तं पाय, मंग सांगतो तुले!" भाषा कोणाला कळली नाही, मजकूर सगळ्यांना कळला. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये एवढंच म्हणालो, फक्त वीस मिनिटं.

वहिनी, या देशात देवापेक्षा घड्याळाला मान आहे. साहेबांनी मनगटाकडे पाहिलं, मान हलवली आणि सगळं दल पाइप धरून रांगेत उभं राहिलं. विसावं मिनिट भरलं आणि साहेब पुढे आले. रागिणीने त्यांच्या हातात ताट दिलं.

त्यांना रोडगा कसा खातात ते कळेना. एकाने सुरी मागितली. उलीने मूठ उगारून एका दणक्यात फोडला, वर तुपाची धार धरली, आणि मग सगळ्यांनी मुठी उगारल्या. धुराने खोकत, खिडक्या लावून घ्यायची पूर्वसूचना न दिल्याबद्दलची चिठ्ठी हातात घेऊन, गेर्बरबाई आल्या. रागिणीने चिठ्ठी घेतली आणि त्या जागी ताट ठेवलं. अशी अकरा पानं वाढली. वांग्याच्या तिखटाने साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते आणखी मागत होते. दुसरा रोडगा संपल्यावर गेर्बरबाई रागिणीजवळ सरकल्या, इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, तुम्हाला मूल का नाही? रागिणीने त्यांना मिठीच मारली. रडली हो ती. बाई घाबरून माफी मागायला लागल्या. तिकडे साहेब मला बंबामागे नेऊन पगार विचारत होते. मी थोडा वाढवून सांगितला. त्यानंतर उठायची वेळ कोणी पाहिली नाही आणि जाताना सगळ्यांनी आपापली ताटं विसळून, पुसून, आकाराप्रमाणे रचून ठेवली.

तर असं आहे इकडचं. तुम्ही म्हणता तेच खरं, माणसं नाहीतच इथे, नुसते नियम राहतात. दादाला नमस्कार. त्याला बंबाचं सांगू नका, तो जठारपेठभर सांगेल की कुंदनने गाव जाळलं.

तुमचा,
कुंदन

ता. क. : गॅस बंद करा. मी वर अकरा पानं वाढली असं लिहिलं, अकरा पाहुणे जेवले असं नाही, हे तुमच्या लक्षात यायला हवं होतं. बंबाची राखण करणाऱ्या सगळ्यात तरुण गड्याने आपला रोडगा न खाता खिशात ठेवला. आगीच्या जागी सापडलेली वस्तू जमा करायची असते, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी तो रोडगा कागदी पिशवीत, वर तारीख घालून, आमच्या टपालाच्या पेटीत परत आला. दहाच झाले.

आणखी एक : रागिणी म्हणते, त्या पोराला पुन्हा जेवायला बोलावलं की झालं. मी नको म्हटलं. अकरावा कोण ते मी ठरवलं आहे. तुमची आणि दादाची तिकिटं ऑक्टोबरची आहेत, दुकानाला कुलूप लावायला त्याला तेवढा वेळ पुरे. येताना गोवऱ्या आणू नका. उलीने आपल्या गोठ्याच्या भिंतीवर थापल्या आहेत, सुतळी लावून. आणि गेर्बरबाईंनी ती वहिनी कधी येणार हे विचारायला काल आमचं दार ठोकलं. चिठ्ठी न टाकता, स्वतः.

शेवटचं : घरची माणसं नवसात मोजत नाहीत, हे तुम्ही म्हणणार, मला माहीत आहे. पण दोन वर्षांत एकदाही घरी न आलेल्या बाईला आमच्याकडे पाहुणीच म्हणतात. आधणाचं पाणी वाया घालवू नका, त्यात दादाचा चहा करा. तुमचा मी इथे ठेवतो.